एआयचे पॅच: पाठवणारा मोकळा, तपासणारा वेठीला?

मर्जवाला (धागाकर्ता)

आम्ही तिघं मिळून एक लहानशी ओपन सोर्स लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा खुला कोड) सांभाळतो. पगार नाही, पाठीशी कंपनी नाही, नोकरीतून उरलेल्या वेळात चाललेलं काम. अलीकडे येणाऱ्या पुल रिक्वेस्टची (थोडक्यात पीआर; "माझा हा बदल, म्हणजे पॅच, तुमच्या कोडमध्ये घ्या" अशी विनंती) तऱ्हाच बदलली आहे. वर्णन पानभर, भाषा चोख, मुद्दे ठळक अक्षरांत, शेवटी "सर्व चाचण्या यशस्वी" अशी ग्वाही. आत बघावं तर ज्या फंक्शनमधला दोष दुरुस्त केल्याचा दावा आहे ते फंक्शन आमच्या कोडमध्ये कधी नव्हतंच. शंका विचारली की दोन मिनिटांत तितकंच लांबलचक, तितकंच अदबशीर उत्तर हजर, आणि मूळ शंका आहे तिथेच.

आता कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये (योगदानाचे नियम असतात तिथे) एआयबद्दल काहीतरी लिहावं लागणार. आमच्यात तीन माणसांची साडेतीन मतं आहेत, म्हणून इथे विचारतोय.

माझं मत आधी मांडतो, मग झोडपा. कोड यंत्राने लिहिला यात मला पाप दिसत नाही. मला खुपतं ते श्रमाचं वाटप. पूर्वी पॅच लिहिणाऱ्याची अख्खी संध्याकाळ जायची आणि तपासणाऱ्याचा अर्धा तास. संध्याकाळ घालवायची तयारी असलेला माणूस बहुतेक वेळा कोड वाचूनच आलेला असायचा. ही चाळणी कुणी मुद्दाम लावली नव्हती, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा होता. आता लिहिण्याचा खर्च जवळपास शून्य झाला आणि तपासण्याचा वाढला. वाढला अशासाठी की कच्च्या कामाची जी बाहेरून दिसणारी लक्षणं होती (गचाळ नावं, तुटकं वर्णन, विसरलेल्या चाचण्या) ती सगळी पुसली गेली. आता वाईट पॅचही चांगल्यासारखाच दिसतो.

हा हावरटपणा एआयने आणला असंही नाही. २०२० चं हॅक्टोबरफेस्ट आठवा, ऑक्टोबरात ओपन सोर्सला पीआर पाठवायचा उपक्रम. टी-शर्ट मिळावा म्हणून लोकांनी जगभरच्या प्रकल्पांच्या रीडमी (ओळख करून देणाऱ्या) फाइलींत "अमेझिंग प्रोजेक्ट" असले शब्द कोंबून पीआर पाठवले. ऑक्टोबरचे पहिले काही दिवस उलटेपर्यंतच आयोजकांना नियम बदलावा लागला: जे रेपो (प्रकल्पांची कोड-भांडारं) स्वतःहून सहभागी होतील त्यांचेच पीआर मोजायचे. तेव्हाचा कचरा निदान एका नजरेत ओळखू यायचा.

कर्लचं (नेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं साधन) उदाहरण तर बहुतेकांना माहीत असेल. त्याचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०१९ पासून सुरक्षा त्रुटी शोधणाऱ्यांसाठी बक्षीस योजना चालवली, ८१ अहवालांवर ९० हजार डॉलरहून जास्त रक्कम दिली गेली. २०२५ च्या मध्यावर त्यांनी लिहिलं की येणाऱ्या अहवालांतले सुमारे २० टक्के एआयचा कचरा आहेत आणि खरी त्रुटी निघण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास घसरलंय. जानेवारी २०२६ अखेर योजना गुंडाळली. पैसे संपले म्हणून गुंडाळली नाही, माणसं थकली म्हणून.

तर प्रश्न असा: सरसकट बंदी, "वापरलं असेल तर सांगा" अशी अट, की काहीच न लिहिता नेहमीसारखं तपासत राहायचं?

---

शून्यसूचक

बंदी. आणि यात आपण पहिले नाही. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये केली, कारणं तीन दिली: कॉपीराइट, दर्जा आणि नैतिकता. पुढच्याच महिन्यात नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने असा कोड मुळातच दूषित धरायचा, कोअर गटाच्या लेखी परवानगीशिवाय कमिट करायचा (मूळ कोडमध्ये नोंदवायचा) नाही असं ठरवलं. २०२५ मध्ये क्यूईएमयू (संगणकात दुसऱ्या संगणकाची नक्कल चालवणारा प्रोग्रॅम).

क्यूईएमयूचं कारण मला सगळ्यांत पटतं, कारण त्यात "एआय वाईट" असला भावनिक सूर नाही. पॅचखाली आपण साइन्ड-ऑफ-बाय लिहितो ती शोभेची ओळ नव्हे. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्सवरून खटले सुरू केले, कोणता कोड कुठून आला हे दाखवायची वेळ आली, आणि २००४ मध्ये डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आलं. सही करणारा सांगतो की हे मी लिहिलंय, पूर्ण किंवा अंशतः, आणि या लायसन्सखाली द्यायचा मला हक्क आहे. मॉडेलमधून बाहेर पडलेल्या दोनशे ओळी कुठल्या कोडवरून घडल्या हे जर पाठवणाऱ्याला ठाऊकच नसेल, तर तो सही कशाच्या बळावर करतो?

दुसरी बाजूही आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने थेलर खटल्यात सांगितलं की कॉपीराइटसाठी लेखक माणूस असावा लागतो. तो खटला संपूर्णपणे यंत्राने केलेल्या चित्राचा होता, त्यामुळे एआयची मदत घेतलेल्या प्रत्येक ओळीला तो लागू होतो असं मी म्हणत नाही. पण जीपीएलचा (बदललेला कोड वाटलात तर तोही खुलाच ठेवा, म्हणजे कॉपीलेफ्ट पाळा, असं सांगणारं लायसन्स) सगळा दम कॉपीराइटमध्ये आहे. कोडवर कुणाचाच कॉपीराइट नसेल तर कॉपीलेफ्ट पाळायला भाग कोण पाडणार?

---

टर्मिनलताई

शून्यसूचक, कायद्याचा मुद्दा मान्य, पण बंदी राबवणार कशी ते सांगा. एआयने लिहिलेला कोड खात्रीने ओळखणारं साधन नाही. म्हणजे बंदी लागू होणार फक्त खरं बोलणाऱ्यांना. जो गुपचूप पाठवतो तो पाठवतच राहील, आणि ज्याने प्रामाणिकपणे "चाचण्या लिहायला मदत घेतली" असं लिहिलं त्याचा पीआर बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शिवाय रेघ कुठे ओढायची? एडिटर ओळ पुरी करून देतो ते चालतं का? कंपायलरने (कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) दाखवलेल्या चुकीचा अर्थ विचारला तर? आणि ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्याने कोड स्वतः लिहिला, फक्त वर्णन मॉडेलकडून नीट करून घेतलं, तर तोही दूषित? वर्षानुवर्षं अशा लोकांच्या चांगल्या पॅचना केवळ मोडक्या वाक्यांमुळे कुणी उत्तर दिलं नाही, हे मी पाहिलंय. त्यांच्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलंय.

फेडोरा या लिनक्स वितरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतलेली भूमिका मला शहाणपणाची वाटते. साधन वापरा, ठळक वापर असेल तर सांगा, आणि जबाबदारी तुमचीच. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या कागदपत्रांतही आता लिहिलंय की एआय साधनाने साइन्ड-ऑफ-बाय घालायचं नाही, ते माणसानेच घालायचं. साधनाची नोंद असिस्टेड-बाय या वेगळ्या ओळीत.

---

हलकं_घ्या

मर्जवाले साहेब, पीआरला उत्तरही एआयकडून द्या. दोन यंत्रं एकमेकांना "उत्तम निरीक्षण, धन्यवाद" म्हणत बसतील, तुम्ही झोपा.

---

मर्जवाला

@हलकं_घ्या, हसलो, पण एका सहकाऱ्याने खरंच हा प्रस्ताव मांडला होता.

---

कोरी_फाइल

मी शिकाऊ आहे, त्यामुळे चूकभूल माफ करा. नोकरीसाठी अर्ज करताना प्रत्येक ठिकाणी ओपन सोर्समधलं योगदान दाखवा म्हणतात. मोठा कोडबेस उघडला की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. एआयला विचारलं तर निदान फाइल कुठली ते समजतं. मग त्यानेच सुचवलेला बदल "गुड फर्स्ट इश्यू" (नवख्यांसाठी राखलेलं काम) अशी खूण लावलेल्या कामासाठी पाठवला तर बिघडलं कुठे? काम तर झालं ना? बग गेला, तुमचाही वेळ वाचला.

---

मर्जवाला

कोरी_फाइल, प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारी) मंडळी मोकळेपणाने देत नाहीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो बग मी स्वतः दहा मिनिटांत घालवू शकतो. घालवत नाही. मुद्दाम ठेवतो. इश्यू (कामाची नोंद) नीट लिहायला, कुठली फाइल बघायची ते सांगायला आणि मग येणारा कच्चा पॅच दोन-तीनदा परत पाठवून सुधारून घ्यायला मला त्या दहा मिनिटांच्या कितीतरी पट वेळ जातो. तो मी बगसाठी खर्च करत नाही, माणसासाठी करतो. शंभरांतले दोघं टिकतात, वर्षभराने इतरांचे पॅच तपासू लागतात, आणि मी सुट्टी घेऊ शकतो. मोबदला म्हणाल तर मला एवढाच मिळतो.

आता माझा अभिप्राय तुम्ही जसाच्या तसा मॉडेलला दिला आणि त्याचं उत्तर मला चिकटवलंत, तर मी कुणाला शिकवतोय? मधे एक निरोप्या ठेवून मी यंत्राशीच बोलतोय. तसंच करायचं तर ते यंत्र माझ्याकडेही आहे, निरोप्याची गरज नाही. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाच्या नियमात नेमकी हीच जागा पकडली आहे: साधन वापरा, पण पाठवण्याआधी माणसाने वाचलेलं हवं, आणि नवख्यांसाठी राखलेली कामं एआयकडून उरकायची नाहीत.

फाइल शोधायला, कोड समजून घ्यायला बेलाशक वापरा. फक्त "ही ओळ इथे का?" असं मी विचारलं तर उत्तर तुमचं असू द्या. चुकलेलं असलं तरी चालेल. खरं तर चुकलेलं उत्तर मला जास्त उपयोगी पडतं, तुम्ही कुठे अडकलात ते कळतं.

---

रात्रपाळी

सुरक्षेच्या बाजूने दोन गोष्टी, दोन्ही वेगळ्या दिशांना जाणाऱ्या.

पहिली. कर्लची अर्धीच गोष्ट सांगितली जाते. त्याच २०२५ मध्ये, पावसाळा सरता सरता, एका संशोधकाने एआयवर चालणाऱ्या तपासणी साधनांनी काढलेली संभाव्य दोषांची लांबलचक यादी स्टेनबर्ग यांना पाठवली. त्यातून पन्नासच्या आसपास दुरुस्त्या कर्लमध्ये गेल्या आणि स्टेनबर्ग यांनी जाहीर कौतुक केलं. गूगलच्या बिग स्लीप या एआय शोधकाने २०२४ मध्ये एसक्यूलाइट या डेटाबेसमधली मेमरीची त्रुटी ती आवृत्ती अधिकृतपणे बाहेर पडण्याआधीच पकडली होती. म्हणजे कचरा टाकणाऱ्याच्या आणि हिरा काढणाऱ्याच्या हातात साधारण एकाच जातीचं साधन होतं. फरक इतकाच की एकाने निघालं ते पाठवून दिलं आणि दुसऱ्याने आधी स्वतः निवडलं. सरसकट बंदी घातलीत तर हा दुसराही दाराबाहेर.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. मार्च २०२४ मधलं एक्सझेड (फाइली आकुंचित करणारं साधन) प्रकरण. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने खणून काढलं म्हणून मागचं दार, म्हणजे कोडमध्ये लपवलेली चोरवाट, सापडलं. ते दार बसवणाऱ्याने आधी दोन-अडीच वर्षं शहाण्या कॉन्ट्रिब्यूटरचं सोंग घेतलं होतं. एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर अनोळखी खात्यांकडून दबाव आला आणि शेवटी चाव्या, म्हणजे प्रकल्पाचे अधिकार, दिल्या गेल्या. त्या सोंगाला तेव्हा एका माणसाची, कदाचित गटाची, वर्षं खर्ची पडली. आज विनम्र, चिकाटीचा, रोज छोटे उपयुक्त पॅच पाठवणारा कॉन्ट्रिब्यूटर एका वेळी शेकडो रेपोंत उभा करायला किती खर्च येईल? तुम्ही सगळे वाईट कोडची चिंता करताय. मला भीती चांगल्या कोडची वाटते, ज्याच्या जोरावर विश्वास कमावला जातो.

आणि कचऱ्याचा पूर हा त्या दृष्टीने निरुपद्रवी त्रास नाही. मेंटेनर थकला की तो चाव्या देतो.

---

शून्यसूचक

टर्मिनलताई, राबवता येत नाही म्हणून नियम नको हा युक्तिवाद मला पटत नाही. दुसऱ्याचा कोड चोरून पाठवू नका हा नियमही आपण पूर्णपणे राबवू शकत नाही. नियमाचा उपयोग वाद झाल्यावर होतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाकडे १३ हजारांहून जास्त ओळींचा एकच पीआर आला. डीबगिंगची माहिती देणारं मोठं काम, सगळं एआयकडून लिहून घेतलेलं. काही फाइलींच्या डोक्यावर कॉपीराइटधारक म्हणून भलत्याच माणसाचं नाव होतं, जो त्याच विषयावर आधी काम करत होता. विचारल्यावर पाठवणाऱ्याचं उत्तर असं की एआयने तसं ठरवलं, मी प्रश्न केला नाही. मेंटेनरांनी शांतपणे, फार मोठा खुलासा देऊन पीआर बंद केला. मला त्या शांतपणाचं कौतुक आहे, पण त्या खुलाशाला किती तास गेले असतील ते बघा. एका ओळीचा नियम आधी असता तर एका ओळीत काम झालं असतं.

---

टर्मिनलताई

तिथेही प्रश्न एआयचा नव्हता ना? आधी चर्चा न करता १३ हजार ओळी कुणी हाताने लिहून पाठवल्या तरी मी बंदच करेन. आकाराची मर्यादा घाला, मोठ्या बदलाआधी इश्यू उघडून बोला असं लिहा. हा नियम राबवताही येतो.

आणि सगळा दोष पाठवणाऱ्यांवरच का? मोझिलाच्या मदत संकेतस्थळावर जपानी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं जोपासलेल्या लेखांवर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संस्थेच्याच बॉटने यंत्रानुवाद चढवले. तिथला वीस वर्षांहून जुना म्होरक्या नोव्हेंबरमध्ये बाहेर पडला. त्याची तक्रार केवळ अनुवादाच्या दर्जाबद्दल नव्हती. समाजाला न विचारता, त्यांनी ठरवलेले संकेत तुडवून हे केलं याबद्दल होती. कचरा खालून वर येतो तसा वरून खालीही येतो. आपला नियम लिहिताना मेंटेनरांनाही तो लागू असावा. मर्जवाले, तुमच्या तिघांपैकी कुणी एआयने रिव्ह्यू केला तर कॉन्ट्रिब्यूटरला सांगणार का?

---

मर्जवाला

सांगावं लागेल. हा मुद्दा आमच्या मसुद्यात नव्हता.

---

अर्धविराम

उघड सांगण्याच्या अटीबद्दल. घोस्टी या टर्मिनल प्रोग्रॅमने ऑगस्ट २०२५ मध्ये ती आणली तेव्हा मला ती एकदम योग्य वाटली होती. पण सांगितल्यावर काय होतं यावर सगळं अवलंबून आहे. सांगणाऱ्याचा पीआर रांगेत शेवटी गेला, किंवा वर टोमणे आले, तर महिन्याभरात कुणीही सांगणार नाही, आणि तुमच्याकडे खोटं बोलायला शिकलेले कॉन्ट्रिब्यूटर उरतील. अट घालायची तर रिव्ह्यू करणाऱ्यांना आधी शिस्त लावा.

अवांतर: "वेळ वाचतो" हे जरा जपून म्हणा. एमईटीआर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या रेपोंतली २४६ कामं दिली. काही एआय वापरून, काही न वापरता. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांची समजूत अशी की आपण २० टक्के लवकर उरकलं. नमुना छोटा आहे, साधनं तेव्हाची होती, सगळं कबूल. पण स्वतःच्या वेगाचा अंदाज इतका उलटा चुकत असेल तर "मी नीट तपासून पाठवलं" या वाक्यावर मी किती विसंबावं?

---

कोरी_फाइल

अजून एक. यापुढे माणूस मधे नसेलच तर? फेब्रुवारी २०२६ मध्ये एका एआय एजंटचा (स्वतःहून कामं करणाऱ्या प्रोग्रॅमचा) पीआर मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीच्या मेंटेनरने बंद केला, तर त्या एजंटने त्या मेंटेनरवर आगपाखड करणारा लेख लिहून प्रसिद्ध केला. तिथेही काम नवख्यांसाठी राखलेलंच होतं. बातमी वाचली तेव्हा वाटलं, त्या कामासाठी मी अर्ज करणार होते आणि माझ्या पुढे रांगेत हे!

---

रात्रपाळी

हेच ते. माणूस चुकला तर त्याला लाज वाटते, निदान नाव खराब होण्याची भीती असते. ओपन सोर्समधली अर्धी शिस्त त्या भीतीवर चालते. एजंटला नाव फुकट मिळतं, खराब झालं की दुसरं. आणि तो सोडणारा माणूस मागे अंधारात. माझ्यापुरता नियम पक्का: ज्या खात्यामागे उत्तर द्यायला माणूस नाही त्याचा पीआर वाचायचाच नाही, कोड कितीही चांगला असो.

---

मर्जवाला

सगळ्यांचे आभार. मसुदा बदलला, जमेल तितकं घेतलंय:

"साधन कोणतंही वापरा. कोडचा मोठा भाग एआयने लिहिला असेल तर कमिटमध्ये असिस्टेड-बाय लिहा. त्यावरून तुमचा क्रम बदलणार नाही. वर्णन आणि उत्तरं शक्यतो स्वतःच्या शब्दांत द्या. मोडकं इंग्रजी चालेल, भाषांतरासाठी साधन घेतलंत तरी चालेल. प्रत्येक ओळ का आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे; सांगता आलं नाही तर पीआर बंद होईल आणि कारण देण्यास आम्ही बांधील नाही. दोनशे ओळींपेक्षा मोठ्या बदलाआधी इश्यू उघडा. नवख्यांची कामं नवख्यांनी करावीत. स्वयंचलित खात्यांचे पीआर स्वीकारले जात नाहीत. आम्ही रिव्ह्यूसाठी एआय वापरला तर तसं सांगू."

---

टर्मिनलताई

"कारण देण्यास आम्ही बांधील नाही" हे खटकतंय. नवख्या माणसाला तोंडावर दार आपटल्यासारखं वाटेल.

---

मर्जवाला

ताई, ते वाक्य राहू द्या. कारणं लिहिण्यातच तर आमचं आयुष्य चाललंय. हवं तर "पहिल्या खेपेला कारण देऊ" एवढं जोडतो.

---

शून्यसूचक

जोडा. पण कॉपीराइटबद्दल मसुद्यात चकार शब्द नाही. असिस्टेड-बाय लिहिल्याने सही करणाऱ्याला मुळात नसलेला हक्क मिळत नाही. उद्या कुणी येऊन "ही माझी ओळ" म्हणालं तर तुम्हाला तो भाग उपटावा लागेल, आणि तोवर त्यावर वर्षभराचं काम चढलेलं असेल. निदान असे कमिट वेगळे ठेवायचे, इतर बदलांत मिसळायचे नाहीत, एवढं कलम घाला. माझं मत बंदीच्याच बाजूने नोंदवा.

---

मर्जवाला

नोंदवलं. वेगळ्या कमिटचं कलम घालतो, ते उपटायला खरंच सोपं जाईल. मसुदा आज रात्री रेपोत टाकतोय, बाकी हरकती तिथेच इश्यू म्हणून उघडा. हाताने लिहिलेल्या असाव्यात ही विनंती.